शेंगदाण्याच्या गावात बदाम: तुमचे अनुभव लिहा

सोलापुरात कूट म्हणजे शेंगदाण्याचंच. बदाम आपला बरणीत, पाहुणे आले की खिरीवर चार काप. स्वयंपाकात तो आणखी कुठं वापरता? 'रात्री भिजवा, सकाळी पाच खा' सोडून काहीही लिहा.

विजापूर वेस: आमच्याकडे ईदचा शीरखुर्मा. बदाम आदल्या रात्री भिजत घालायचा, साल काढून ओला असतानाच उभे काप करायचे. कोरडा कापला की निम्मा चुराच होतो. तुपात आधी खारीक, मग बदाम, चारोळी शेवटी. ती लगेच करपते. भिजवायचं राहिलं तर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून गार पाण्यात टाका, साल चिमटीत सुटते. अम्मीच्या मते त्याला भिजवलेल्याची चव नाही. मला तरी फरक कळत नाही.

जुळे सोलापूर: शेंगाचटणीत शेंगदाण्याऐवजी बदाम घातला. तेल दोन्हींत जवळपास निम्मं, म्हणून वाटलं जमेल. सासूबाई एका घासात म्हणाल्या, "गोड हाय की ओ ही!" लसूण-तिखट एकीकडं, बदाम एकीकडं. मटणाच्या काळ्या रश्श्यातही तो हरवतो. पांढऱ्या वाटणात मात्र खसखशीच्या जागी छान लागतो, दाटपणाही येतो.

होटगी रोड: बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात आमची आजी बदाम कमी आणि गोडंबी जास्त घालायची. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. सोललेलीच विकत आणा, घरी बिब्बे फोडू नका, तेल अंगावर उततं. लाडवासाठी बदाम मिक्सरला थांबत थांबत फिरवा, सोबत चमचाभर साखर टाका. सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो. आणि मे महिन्यात पूड ओट्यावर ठेवू नका, खवट होते. फ्रीजमध्येच ठेवा.

विजापूर वेस: एखादा कडू लागला तर थुंकून टाका. कडू बदामात अमिग्डॅलिन असतं, चावल्यावर त्यातून सायनाइड तयार होतं.

रेल्वे लाइन: आम्ही शाळेबाहेरच्या झाडाखालचे बदाम दगडानं फोडून खायचो. ते चालतील का खिरीत?

ते देशी बदाम, झाडच वेगळं. खरा बदाम काश्मीरसारख्या थंडीत होतो. देशीचा गरही गोड असतो, खाता येतो. पण वाटीभर गर निघेपर्यंत दूध आटून जाईल!