पोरानं आपल्याच पेठेवर गोल मारला. दहावीला शाळा बदलू का?

पेठकर

कोल्हापुरातल्या फुटबॉलवाल्यांनाच हे कळंल, म्हणून इथं विचारतोय.

पोरगा नववीत आहे. आम्ही शिवाजी पेठेतले, तीन पिढ्या. शिवाजी तरुण मंडळाची, म्हणजे आमच्या पेठेच्या संघाची मॅच चारची असली तरी माझे वडील दोनलाच शाहू स्टेडियमवर जागा धरून बसायचे. पोराची शाळा मात्र पेठेबाहेरची आहे. सायकलनं दहा मिनिटं. त्याच्या संघात चार-पाच पेठांची पोरं आहेत.

यंदा सुब्रोतो कपच्या, म्हणजे शाळांच्या फुटबॉल स्पर्धेच्या सतरा वर्षांखालील गटात महापालिकेच्या फायनलला समोर आमच्याच पेठेतली शाळा आली. पाऊस थांबून अर्धा तास झालेला, दोन्ही गोलपुढं नुसता चिखल. एक-एक बरोबरी झाली आणि टायब्रेकर लागला. पाचवी किक आमच्या पोराची. त्यानं चेंडू ठेवायच्या आधी बुटानं चिखल बाजूला सारला, जागा दोनदा दाबली, मग चेंडू ठेवला. समोरचा गोली म्हणजे आमच्या समोरच्या घरातला पोरगा. बालवाडीपासून दोघं एकमेकांच्या ताटात जेवलेत. गोली उजवीकडं पडला, चेंडू डावीकडनं आत गेला. शाळा जिंकली.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या कट्ट्यावर त्याच्याशेजारी कोणी बसलं नाही. वडील दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. आणि माझा भाऊ म्हणतोय, "दहावीला पोराला आपल्या पेठेतल्या शाळेत घाल, पुढं तालमीच्या संघात घेऊ. दुसऱ्याच्या जर्सीत किती दिवस खेळवणार?" शाळेतले एक पालक उलट म्हणतात, पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत पाठव. पोरगा काहीच बोलत नाही. बूट धुऊन, आत कागद कोंबून खिडकीत ठेवतो आणि झोपतो. काय करावं?

मैदानावरचे सर

पेठकर, मी बावीस वर्षं शाळेत क्रीडाशिक्षक आहे. शाळा बदलू नका.

सुब्रोतो १९६० पासून चालू आहे आणि तिथं संघ शाळेचा लागतो. महापालिका गट जिंकला की विभाग, मग राज्य, आणि राज्य जिंकणारी शाळा राष्ट्रीय स्पर्धेला. राज्याला आठ विभाग येतात. तिथवर पोचणारे संघ तीन-तीन वर्षं एकत्र खेळलेले असतात. स्टॉपरनं, म्हणजे मधल्या बचावपटूनं मागं न बघता चेंडू सोडला तरी गोली तिथं असतो, हे एका वर्षात जमत नाही. तुमच्या पोराला दहावीतही याच गटात खेळता येईल का, ते जन्मतारीख आणि त्या वर्षीची कट-ऑफ बघून आत्ताच पक्कं करा. येत असेल तर जमलेला संघ कशाला मोडायचा? शिवाय दहावीला नवी शाळा, नवे सर आणि बोर्डाची परीक्षा एकदम अंगावर येते. खेळाचे सवलतीचे गुण स्पर्धेची पातळी बघून मिळतात, त्यासाठीही संघ पुढं जाणं महत्त्वाचं.

दुसरं, आता पेठेचं सोडा आणि मुंबईचा विचार करा. मुंबईच्या शाळांना टर्फची, म्हणजे कृत्रिम गवताची सवय असते. आपली पोरं कडक मातीवर नाहीतर चिखलात वाढलेली. राज्याला गेलो की पहिली दहा मिनिटं चेंडू पायाखालून निसटतो, कारण टर्फवर तो पळतोच वेगळा. माझ्या एका संघानं त्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले आणि मग पन्नास मिनिटं त्यांना कोंडून ठेवलं, पण हरलो. ती पोरं परतीच्या गाडीत पुण्यापर्यंत एक शब्द बोलली नाहीत. महिन्यातनं दोनदा तरी पोराला टर्फवर खेळवा, आणि तिथं लांब स्टडचे बूट घालू देऊ नका, पाय अडकून गुडघा फिरतो.

बालेवाडीचं म्हणाल तर अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तो लहान वयात तिकडं गेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्डकपला भारताच्या संघात होता. पण तो रस्ता पोरानं स्वतः मागितला तरच. गल्ली बोलत नाही म्हणून पोराला गाव सोडायला लावू नका.

तालमीतला जुना

सरांचं बरोबर आहे, पण तालमीवर राग धरू नका. आपल्याकडं तालमी आधी कुस्तीच्या, फुटबॉल त्यात मागनं रुजला. के.एस.ए., म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. माझे वडील हमाली करायचे. माझे पहिले बूट तालमीनं दिले, दोन नंबर मोठे, पुढं चिंध्या भरून खेळलो. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी मॅच असली की आमच्या घरात सकाळपासून मोठ्यानं कोणी बोलत नव्हतं. ही ईर्षा नसती तर या गावात फुटबॉल टिकला नसता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

पण ती ईर्षा मोठ्यांची. पंधरा वर्षांच्या पोरानं कुठल्या शाळेकडनं गोल मारला म्हणून त्याच्याशी अबोला धरायचा, हे चुकतंय. तालीम कुठं पळून जात नाही. दहावी झाली की भावाला म्हणावं, ये घेऊन. तोवर आजोबांना त्याच्या मॅचला न्या. ज्यानं आयुष्यभर फुटबॉल बघितलाय त्याला पोराचा पाय दिसल्याशिवाय राहणार नाही.

डाव्या पायाची

मी सुब्रोतोच्या मुलींच्या गटात खेळलेय. आमच्या तालमीत तेव्हा मुलींचा संघच नव्हता, त्यामुळं आम्हाला शाळा हेच सगळं होतं. विभागाला सांगलीच्या शाळेशी मॅच होती. बाहेर बघते तर आमच्या गावात एकमेकांकडं न बघणाऱ्या दोन पेठांची माणसं एकाच बाजूला उभी राहून "कोल्हापूर, कोल्हापूर" ओरडत होती. माझी आई त्यांच्यात होती, डोक्यावर पदर आणि हातात माझी पाण्याची बाटली. काका, विभागाच्या मॅचला गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन जा. त्या गोलीला पण.

पेठकर

सगळ्यांचे आभार. शाळा बदलत नाही, भावाला तसं सांगितलं. तो अजून रागात आहे.

काल सहाच्या सुमाराला दार वाजलं. समोरचा गोली, हातात ग्लोव्हज. म्हणाला, "काका, त्याला पाठवा की. मला पेनल्टी घ्यायच्यात." दोघं मागच्या बोळात गेले, भिंतीवर खडूनं गोल काढला. वडील खुर्ची घेऊन उंबऱ्यात बसले होते. तीन किक गप्प बघितल्या. चौथीला गोली परत चुकीच्या बाजूला पडला, तेव्हा ओरडले, "अरं, चेंडू काय बघतोयस? त्याचा टेकवायचा पाय बघ!"

पाचवी त्यानं अडवली.