टोपण लागत नाही म्हणून सेलचं सर्किट उपटायचं?

मिरजकर: हातातल्या बॅटरीच्या, म्हणजे टॉर्चच्या सेलबद्दल कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय, "१८६५० सगळे सारखेच. बॅटरीचं टोपण लागत नसेल तर सेलच्या बुडाचं सर्किट उपटून टाका." हे वाचून कोणाचा तरी हात भाजेल. १८६५० म्हणजे चार्ज होणारा लिथियम सेल, नुसता ६५ मिमी लांब. बुडाला सर्किटची (सेल फार उतरला की करंट तोडणारी) चकती, वर पॉझिटिव्हचं उंच बटण आलं की ६९-७० होतो. पॉझिटिव्हची पातळ पट्टी रॅपखालून (प्लॅस्टिकच्या वेष्टनाखालून) चकतीपर्यंत उतरते, म्हणून जाडीही वाढते. सेलचा अख्खा डबा निगेटिव्ह. पट्टी ओढताना आतली टेप फाटली आणि ती डब्याला टेकली, की थेट शॉर्ट. टोपण जोर लावून पिळू नका, स्प्रिंग चकतीत घुसते. बॅटरीची नळी आतून मोजा, मगच सेल घ्या.

ऊसवाला_वाळवा: रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला उसात कोण जातं? सर्किटवाला सेल ऐनवेळी करंट कापतो, गप्पकन अंधार. बिनसर्किटचा मंद होत जातो, माणूस सावध होतो. शिराळ्याकडं बिबट्या असताना मला तोच पाहिजे.

मिरजकर: मग कारखान्यातूनच बिनसर्किटचा आलेला, ६५ मिमीचा घ्या. उपटलेला नको. आणि एका सेलच्या बॅटरीतच, तीही ३ व्होल्टच्या आसपास स्वतः बंद होणारी किंवा इशारा देणारी. दोन सेल एकामागं एक असतील तर आधी उतरलेल्यातून दुसरा करंट ढकलतो, तो उलटा चार्ज होतो. तिथं तुमचं मला मान्य नाही.

कराडचा_सोल्डर: खरी बोंब बिनबटणाच्या, चपट्या डोक्याच्या सेलची आहे. बॅटरीच्या डोक्यात सेल टेकतो त्या टिकलीभोवती प्लॅस्टिकचं कडं असतं, उलटा सेल लागू नये म्हणून. चपटा सेल त्या कड्यावरच अडतो. मग लोक मधे लोहचुंबक ठेवतात. बॅटरी पडली की चुंबक सरकतो. सेलच्या डोक्यावर पॉझिटिव्ह आणि डब्याची निगेटिव्ह कड यांत जेमतेम मिलिमीटरभर जागा असते, वर नुसता रॅप. चुंबकानं तो कापला की संपलं.

ऊसवाला_वाळवा: बाजारात बटणवाला मिळतच नाही, मिळतो तो ९८०० एमएएच क्षमता छापलेला! चुंबक नको तर करायचं काय?

कराडचा_सोल्डर: ९८०० हा निव्वळ खोटेपणा. चांगला १८६५० साधारण ३५०० चा. किराण्याच्या काट्यावर ठेवा, ४५ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. ३० भरला तर परत करा. सोल्डरचा ठिपका बॅटरीतल्या पितळी टिकलीवर द्या, कड्याच्या वर येईल इतकाच. सेलवर कधीच नाही, उष्णतेनं त्याचं सील जातं.

मिरजकर: ठिपका दिला की उलट्या सेलपासूनचं संरक्षण गेलं, तेही सांगा की!

कराडचा_सोल्डर: गेलं, कबूल. नळीवर आतून बाण कोरा.

ऊसवाला_वाळवा: बरं, एकसेली आणि बिनसर्किटचा. दोनसेलीचं तुमचं धरतो. पण सर्किटवाला उसात नेणार नाही.