पाच आठवड्यांत दोन कोर्स?

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या समरबद्दल (उन्हाळी सत्राबद्दल) ‘समरला दोनच तर कोर्स, पाच आठवड्यांत उरकतील’ असं कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. अमेरिकेत 3 क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे कोर्सचा भार मोजायचं एकक) कोर्स 15 आठवड्यांचा असो की 5, वर्गाचे तास साधारण 45च. म्हणजे आठवड्याला 9 तास वर्ग, घरचा अभ्यास त्याच्या दुप्पट. दोन कोर्सचे झाले 54 तास! आठवड्यातून चार दिवस वर्ग असेल, तर एक दिवस तापाने पडलात की नेहमीच्या सत्रातला पाऊण आठवडा गेला.

एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांनी आणखी एक बघा. पदवीचा शेवटचा एकच कोर्स समरला उरला असेल, तर तो पूर्ण ऑनलाइन चालत नाही, प्रत्यक्ष वर्गाचाच सेक्शन (त्या कोर्सची तुकडी) धरा. पूर्णवेळापेक्षा कमी क्रेडिट घेण्याची परवानगी डीएसओकडून (विद्यापीठातला एफ-1 विद्यार्थ्यांचं काम बघणारा अधिकारी) आधीच घ्या. विभागातल्या ॲडव्हायझरचा नुसता होकार पुरत नाही.