मदत हवी आहे: युटा-अ‍ॅरिझोना ७ दिवसांत, मोआब ठेवू का काढू?

जुलैत लास वेगासहून गाडी घेऊन गोल फिरून परत वेगासलाच यायचंय. आम्ही दोघं, ८ वर्षांची लेक आणि आई-बाबा, बाबांचा गुडघा दुखतो त्यामुळे एंजल्स लँडिंगसारख्या खड्या चढाच्या ट्रेकचा विषयच नाही.

सध्याचा प्लॅन: झायन नॅशनल पार्क २ रात्री, ब्राइस कॅन्यन १, मोआब गावात २ (जवळच्या आर्चेस नॅशनल पार्कसाठी), मॉन्युमेंट व्हॅली १, ग्रँड कॅन्यन साउथ रिम १. कागदावर मस्त दिसतंय, पण मॅप ब्राइस ते मोआब साडेचार तास दाखवतोय, त्यात आई दर तासाला "जरा थांबव रे" म्हणणार म्हणजे सहा धरा, आणि पोचल्यावर आर्चेसमध्ये भर उन्हात सावली नावाला नाही.

दुसरा पर्याय म्हणजे मोआब काढून ब्राइसहून सरळ अ‍ॅरिझोनातल्या पेज गावाला, तिथे हॉर्सशू बेंड (नदीचं वळण दिसतं तो पॉइंट) आणि अप्पर अँटेलोप कॅन्यन ही अरुंद घळ (लोअरला शिड्या आहेत म्हणून नको), मग ग्रँड कॅन्यन.

नॅशनल पार्क पास आहे, तो मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटेलोपला चालत नाही हे माहितीये. तारखा हलणार नाहीत, हॉटेलं अजून कॅन्सल होतात.

जुलैत म्हातारी माणसं घेऊन गेलेल्यांनी सांगा, आर्चेस फक्त पहाटे आणि संध्याकाळी बघायला एवढं लांब जाणं वर्थ आहे का, का पेजच बरं?