मदत हवी आहे: पाहुण्यांना इंग्रजी मेलमध्ये 'मस्ट' लिहू की 'शॅल'?

मंडळी, दापोलीजवळ मुरुडला आमचा छोटा होमस्टे आहे, चार खोल्या, रांधायला आई. मराठी पाहुण्यांचं फोनवर दोन मिनिटांत उरकतं, पण हल्ली बाहेरचे लोक मेल करतात आणि तिथे माझं घोडं अडतं. परवा एका बाईंना लिहिलं, 'यू मस्ट टेल फिश ऑर व्हेज बाय फोर ओक्लॉक'. संध्याकाळी हर्णैला लिलावात मासळी घ्यायची तर किती माणसं खाणारी ते कळायला नको का? तर बाईंचं उत्तर, आमचं काही चुकलं का, तुम्ही रागावलात का! माझ्या डोक्यात आपलं साधं 'कळवावे' होतं हो. काका म्हणतात (कोर्टात कारकून होते) 'शॅल' घाल, भारदस्त वाटतं. मला ती नोटीस वाटते. आणि किनाऱ्याकडच्या फाटकावर 'यू मे नॉट स्विम आफ्टर सनसेट' अशी पाटी लावायचीय, बरोबर आहे का?

प्रतिसाद:
काका त्यांच्या जागी बरोबर आहेत. मी बोटीवर होतो, आम्हाला समुद्रात टक्कर टाळायचे १९७२ चे नियम घोटून घेतलेले, त्यातला ५ वा 'एव्हरी व्हेसल शॅल' असाच सुरू होतो, म्हणजे टेहळणी ठेवायचीच. कायद्यात 'शॅल' म्हणजे बंधन, 'मे' म्हणजे मुभा. पण सुरमईच्या तुकडीला कायदा कशाला? 'कुड यू प्लीज लेट अस नो' लिहा. हा 'कुड' भूतकाळाचा नाही, नुसती अदब, आपण 'जरा सांगाल का' म्हणतो ना तसं. अ‍ॅडव्हान्सला मात्र विनंती नको, सरळ 'द बुकिंग विल बी कन्फर्म्ड वन्स वी रिसीव्ह द अ‍ॅडव्हान्स', राग नाही आणि पळवाटही नाही. पाटीवर 'मे नॉट' नकोच, त्यातून 'कदाचित पोहणार नाही' असाही अर्थ निघतो. 'डोन्ट हॅव टू' तर अजिबात नको, म्हणजे नाही पोहलात तरी चालेल! तिथे ठणकावून 'मस्ट नॉट'.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा, 'कुड' घालून पाठवलं, तासाभरात उत्तर, तीन फिश एक व्हेज. आता एकच, चेकआउट दहाला आहे. 'शुड' लिहिलं की लोक अकरापर्यंत आंघोळी करत बसतात आणि 'मस्ट' लिहिलं की पुन्हा तेच, रागावलात का. काय लिहू?