पुण्यात माझ्या वयाचे कर्करुग्ण कुठे भेटतील?

प्रश्न (कर्वेनगर)

मी २४ वर्षांची आहे. मानेतील गाठीच्या बायोप्सीत हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, निघाला आणि दर पंधरा दिवसांनी एक अशा १२ केमोंपैकी ५ झाल्या आहेत. गुण येत असल्याचे डॉक्टर सांगतात. केमो देतात त्या डे-केअर कक्षात मात्र सगळे आईबाबांच्या वयाचे असतात, मागच्या वेळी शेजारच्या आजींनी, "तू कुणाला घेऊन आलीस गं?" असे विचारले आणि मला उत्तरच सुचले नाही. पुढे लग्नाचे बघायचे असल्यामुळे ही गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही, असे घरी ठरले आहे. ऑफिसात कावीळ सांगितली आहे; मैत्रिणींचे फोन मी घेत नाही. आईबाबांना दुखवायचे नाही, पण हे सोसलेली माझ्या वयाची माणसे कशी शोधावीत?

प्रतिसाद (धायरी)

मला हाच आजार बाविसाव्या वर्षी झाला. त्याला आता सात वर्षे झाली. तो ऐन विशी-तिशीत बराच आढळतो, त्यामुळे तुमच्याच डे-केअरमध्ये दुसऱ्या एखाद्या वारी तुमच्या वयाचे कुणी येत असण्याची शक्यता आहे. तेथील सिस्टरना किंवा वैद्यकीय समाजसेवकांना सांगून ठेवा. समोरच्याला विचारून ते गाठ घालून देतात. मला असाच एक जण भेटला. केमोतल्या लाल औषधानंतर लघवीही लाल होते, हे त्याला समजावून सांगावे लागत नसे आणि तेवढ्यानेही फार बरे वाटायचे. रात्री असह्य झाले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येते.

लपवण्याबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. आम्हीही कुणाला सांगितले नव्हते. चौथ्या केमोनंतर, बाबा गावी गेलेले असताना, रात्री दोन वाजता माझा ताप १०१ वर गेला. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, की सकाळची वाट पाहायची नसते. आईने शेजारच्या काकांचे दार वाजवले आणि सगळे त्यांना जिन्यातच सांगावे लागले. पुढच्या प्रत्येक केमोला तेच काका गाडी घेऊन आले.

प्रतिसाद (सातारा रस्ता)

माझ्या मुलीच्या वेळी लपवणारी मीच होते, म्हणून लिहिते. हिचे पुढे कसे होणार, ही धास्ती मला झोपू देत नसे आणि मी ती डॉक्टरांनाही बोलून दाखवली नव्हती. पुढच्या तपासणीला आईबाबांना आत घेऊन जा. आजार उलटण्याचा धोका किती, पाळीवर आणि पुढे मूल होण्यावर या औषधांचा परिणाम काय, हे त्यांच्यासमोरच विचार. आमच्या डॉक्टरांनी वीस मिनिटे दिली. परतताना रिक्षातूनच हिच्या बाबांनी आपल्या भावाला फोन केला. स्थळ येईल तेव्हा सांगावेच लागेल, बाळा. लपवून केलेल्या लग्नात मुलगीच रोज जीव मुठीत धरून राहते.

प्रश्नकर्ती

आपले दोघांचेही मनापासून आभार. सिस्टरना सांगून ठेवले आहे. शाळेपासूनच्या मैत्रिणीला आज फोन केला. ती आधी रडली आणि मग गुरुवारी सकाळी आठला येते म्हणाली. आईला सांगितले आहे. बाबा अजून काही बोललेले नाहीत.