'बाहेर झोपतो तो मर्जीने झोपतो' : रैन बसेऱ्यावरच्या त्या पोस्टला उत्तर

ताम्हण
काल इथेच सुदामानगरकरांनी लिहिलं की इंदुरात त्यांच्या फिरायच्या वाटेवरच्या रैन बसेऱ्यात, म्हणजे बेघरांच्या रात्रीच्या निवाऱ्यात, सात-आठ पलंग रोज रिकामे असतात. गाद्या बऱ्या, कांबळी धुतलेली, सरकारच्या दीनदयाल रसोईत ५ रुपयांत जेवण, आणि तरी शंभर पावलांवर फुटपाथवर माणसं झोपलेली. शेवटी निष्कर्ष: "आता जो बाहेर झोपतो तो मर्जीने झोपतो." खाली अंगठ्यांचा पाऊस. रात्रभर डोक्यात घोळत होतं, म्हणून लिहून टाकते.

मी चार हिवाळे दर गुरुवारी एका बसेऱ्यात रजिस्टर लिहायला बसते. पलंग रिकामे असतात हे खरंय. का असतात ते ऐका.

गेट अकराला बंद होतं. आता सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जा. तुम्ही गराडू खाऊन, जिलबी खाऊन एकला घरी येता. तुमच्या प्लेटा धुणारा माणूस अडीच-तीनला मोकळा होतो. लग्नसराईत वाढप्यांचंही तेच. हे लोक तीन वाजता गेट वाजवतात, चौकीदार उठत नाही, मग ते दुकानाच्या ओट्यावर आडवे होतात. सकाळी सहाला तुम्ही फिरायला निघता तेव्हा तुम्हाला 'मर्जीने' झोपलेले दिसतात. दिवसा झोपतील म्हणाल तर सातला सगळ्यांना बाहेर काढून फिनाईल मारतात.

दुसरं कारण, पोतं. एक म्हातारे बाबा दोन वर्षं गेटपर्यंत यायचे आणि परत जायचे. खांद्यावर गोणी. आत ढेकूण येतात म्हणून गोणी बाहेर ठेवायचा नियम. मला वाटायचं भंगार असेल. एकदा त्यांनीच उघडून दाखवली: प्लास्टिकमध्ये बायकोचा फोटो, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, कुकरचं झाकण (कुकर नाही, नुसतं झाकण) आणि प्लास्टर करायची एक करणी. गवंडी होते. ही गोणी बाहेर ठेवून कोण झोपेल? शेवटी कोणाच्या तरी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक आणली, कुलूप लावलं, पलंगाखाली सरकवली. किल्ली त्यांनी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. त्या रात्री पहिल्यांदा आत झोपले.

त्यानंतरचं सगळं त्या ट्रंकेमुळे झालं. रजिस्टरमध्ये 'पत्ता' हा रकाना असतो, त्यात ते 'सरवटे' (बस स्टँड) एवढंच सांगायचे. बसेऱ्याच्या प्रमुखाच्या प्रमाणपत्रावर आधार काढायला गेलो तर चुन्या-सिमेंटने बोटं इतकी झिजलेली की ठसाच उमटेना, डोळ्यांच्या स्कॅनवर निभावलं. मग बँकेचं खातं, मग ६०० रुपये पेन्शन. नुसता पलंग देऊन काही उभं राहत नाही. पत्ता लागतो, कुलूप लागतं, आणि कचेरीच्या खिडकीपर्यंत सोबत येणारं कोणीतरी लागतं. तुम्ही गाद्या मोजल्यात.

सुदामानगरकर
ताई, माझं नाव घेऊनच लिहिलंत, छान. मी काय गुन्हा केला? चांगलं चाललंय ते चांगलं म्हणालो. या शहरात चांगलं म्हटलं की कोणाला तरी झोंबतंच.

एक सांगा, दारू पिऊन येणाऱ्यांना आत घेता का? नाही ना? घेऊही नये. बाहेर झोपणाऱ्यांतले निम्मे त्यातले आहेत. मी २०१४ साली एका मुलाला स्टँडवरून आणून वर्कशॉपच्या मागच्या खोलीत ठेवलं होतं. जेवण, कपडे, पगार. चौथ्या महिन्यात दीड एचपीची मोटर घेऊन गायब. पोलिसांत गेलो तर मलाच विचारतात, "ठेवलं कशाला?" तेव्हापासून माझं मत ठरलंय.

लोकमान्यनगर१२
'निम्मे' कुठून आणले? मोजले?

मोजायचंच असेल तर हे मोजा. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं आणि २०१३ च्या शहरी आजीविका मिशनमध्ये कागदावर आलं: लाख लोकवस्तीमागे शंभर जणांचा कायमचा बसेरा, चोवीस तास उघडा. चोवीस तास, म्हणजे अकराचं गेट आणि सातचं फिनाईल दोन्ही नियमाबाहेर. २०११ च्या जनगणनेत इंदूर पालिकेची वस्ती साडेएकोणीस लाखांच्या वर होती. म्हणजे वीसेक बसेरे, दोन हजार पलंग, तेही तेव्हाच्या हिशेबाने. त्यानंतर शहर सुपर कॉरिडॉरपर्यंत पसरलं. आणि बेघर किती हे आपण २८ फेब्रुवारी २०११ च्या एका रात्रीत मोजलं, देशभरात १७.७ लाख. त्या रात्री सराफ्यात भांडी घासत असलेला कोणत्या रकान्यात गेला देव जाणे.

शुद्धलेखन_प्रेमी
विषय चांगला आहे, पण मराठी लोक मराठीत 'रैन बसेरा' का लिहितात? 'रात्रनिवारा' हा सुंदर शब्द आहे. इंदुरात चार पिढ्या काढल्या म्हणून भाषा सोडायची का?

राजवाडा_भिया
काका, रिक्षावाल्याला 'रात्रनिवाऱ्याला सोड' म्हणून बघा. उज्जैनला नेऊन सोडेल.

ताई_वल्लभनगर
बसेऱ्याचं तुम्ही बघा, पण कोणी मला सांगेल का, मी दर मंगळवारी मारुतीच्या देवळाबाहेर पाच जणांना पोळी-भाजी देते. सासूबाईंपासून चालू आहे. १ जानेवारी २०२५ पासून इथे आदेश निघाला, भीक देणाऱ्यावरच गुन्हा. मग डबा म्हणजे भीक का? शेजारच्या मुलाने हसत हसत सांगितलं, "काकू, भिकाऱ्याची खबर दिली तर हजार रुपये मिळतात." म्हणजे माझ्या पाच जणांवर पाच हजारांचं बक्षीस!

सुदामानगरकर
ताई, तुमच्या भावना समजतात, पण तुमच्या त्या पाच जणांमुळेच बसेरे रिकामे राहतात. देवळाबाहेर आयतं मिळतंय तर रजिस्टरमध्ये नाव कोण लिहील? हा आदेश मला शंभर टक्के मान्य आहे.

ताई_वल्लभनगर
आयतं? एक पोळी आणि डावभर बटाट्याची भाजी आयतं? आमच्याकडे पितृपक्षात कावळा आला नाही तर तुम्हीच दारोदार फिरता!

आणि ज्या गावाने अहिल्याबाईंचं नाव विमानतळाला दिलं त्या गावात अन्न देणं गुन्हा? त्या बाईंनी जागोजागी अन्नछत्रं चालवली.

शुद्धलेखन_प्रेमी
राजधानी महेश्वर होती, इंदूर नव्हे. नोंद असावी.

राजवाडा_भिया
झाली नोंद. पुढे?

लोकमान्यनगर१२
अहिल्याबाईंना मध्ये आणू नका, पण त्यांच्या छत्रात कोणी 'आधी आधार दाखव' म्हटल्याचं ऐकलं नाही.

भिकेबद्दल माझं मत वेगळं आहे. लहान मुलांना पुढे करून पैसे उकळणारे असतात, त्यांच्यावर कारवाई व्हावी. पण दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये तिथल्या कायद्यातून भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं काढून टाकली, आणि आपल्या मध्य प्रदेशात १९७३ चा कायदा अजून तसाच आहे. वर आता देणाराही गुन्हेगार.

सुदामानगरकर
मग काय, चौकाचौकात गाडीच्या काचा वाजवू द्यायच्या? आपण २०१७ पासून देशात स्वच्छतेत पहिले आहोत. ते काही आपोआप झालं नाही. शिस्त लागते.

ताम्हण
हा शब्द यायचीच वाट बघत होते. शिस्त!

२९ जानेवारी २०२१. पालिकेच्या गाडीतून म्हाताऱ्या माणसांना गाठोड्यांसकट उचललं आणि शहराबाहेर शिप्रा गावाशी थंडीत उतरवलं. गावकऱ्यांनी अडवलं, व्हिडिओ काढला, तेव्हा त्यांना पुन्हा गाडीत चढवून आणलं. उपायुक्त निलंबित झाले. त्या व्हिडिओतले लोक मर्जीने चालले होते का? त्या गवंडी बाबांच्या ओळखीची एक आजी तेव्हापासून पिवळी गाडी दिसली की खांबामागे जाते. आत या म्हटलं की विचारते, "गाडी येणार नाही ना?" तिच्यासाठी बसेरा आणि गाडी एकाच घरची.

सुदामानगरकर
त्या प्रकाराचं समर्थन मी केलेलं नाही. लाज वाटली होती, आजही वाटते. पण दर वेळी तेच काढून अख्ख्या शहराला झोडपायचं का? आणि तुम्ही समाजसेवावाले एक गुरुवार जाता, फोटो काढता,

ताम्हण
एक फोटो दाखवा. एक. चार वर्षांतला. तुम्ही तुमच्या दीड एचपीच्या मोटरीचं दुःख अकरा वर्षं कुरवाळताय आणि त्याचा हिशेब त्या गवंडी बाबांकडून वसूल करताय.

राजवाडा_भिया
अरे यार, पाणी प्या दोघं.

निवृत्त_परिचारिका
सगळे दारूबद्दल बोलताय. मी एका सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं होते, म्हणून दोन ओळी. स्टँडवर स्वतःशी बोलत बसणारे जे असतात त्यांच्यातल्या पुष्कळांना दारू नाही, आजार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा भटकणाऱ्या आजारी माणसाला ताब्यात घेऊन दवाखान्यात पोचवणं हे पोलिसांचं काम आहे, हरवल्याची नोंद करून घरच्यांना शोधणंही. किती ठाण्यांत हे माहीत असतं ते विचारू नका. मनोविकारतज्ज्ञ भरत वाटवानींचं कर्जतचं काम, ज्याला २०१८ साली मॅगसेसे मिळालं, ते हेच: आधी औषध, मग घर शोधायचं.

आमच्याकडे एक बाई आली होती. केसांची जट, नाव सांगेना, गाव सांगेना. तीन आठवडे औषध चाललं. एक दिवस ताट ढकलून म्हणाली, "अमाडी की भाजी नी हइ?" (अंबाडीची भाजी नाही का?) आमची आया खरगोनकडची, तिने लगेच ओळखलं, ही निमाडची. तिथून फोन करत करत भाऊ सापडला. भाऊ आला, रडला, घेऊन गेला. आठ महिन्यांनी बाई परत सरवट्याला. गावात गोळ्या मिळत नव्हत्या. तेव्हा बसेऱ्यातून घरी पोचवलं की काम झालं असंही समजू नका.

सुदामानगरकर
हे मला माहीत नव्हतं. कलमाचं. मान्य.

पण ताम्हणताई, तुमच्या त्या बाबांचं पुढे काय झालं? ते नाही सांगितलंत. सोयीस्कर.

ताम्हण
सांगते की. एका सोसायटीत रात्रीचे चौकीदार लागले. म्हणजे रात्री पलंग रिकामा आणि दिवसा झोपायला बसेरा बंद. दीड महिना बागेत बाकावर झोपले, मग नोकरी सोडली. उन्हाळ्यात दोन महिने गायब होते. हो, प्यायलाही लागले होते. घ्या, मिळालं तुम्हाला. पावसाळ्यात परत आले, गळ्यात किल्ली होती. आता एका ठेकेदाराकडे हलकं प्लास्टरचं काम करतात, जमेल तसं. पलंग तोच. दिवसाचं बंद करू नका म्हणून आम्ही तीन अर्ज दिलेत.

सुदामानगरकर
म्हणजे मी अगदीच चुकीचा नव्हतो.

असो. गेटचं मात्र पटलं. माझ्या कारखान्यात तीन पाळ्या होत्या, रात्रपाळीच्या माणसाला दिवसा झोपू दिलं नाही तर तो मशीनवर बोट घालवतो, हे मला कोणी शिकवायला नको. बाकी मत बदललेलं नाही. माळ्यावर आईची एक ट्रंक आहे, पितळी भांड्यांची. भांडी काढून देईन. कुलूप ज्याचं त्याने आणावं.

ताम्हण
कुलूप मी आणते. गुरुवारी दहाच्या आत या, अकरानंतर तुम्हालाही आत घेणार नाहीत.

शुद्धलेखन_प्रेमी
'ट्रंक' ला 'पेटी' म्हणता येईल.

ताई_वल्लभनगर
एवढं सगळं झालं, पण उद्या मंगळवार आहे. डबा न्यायचा की नाही ते कोणी सांगितलंच नाही.